पेंटबॉलच्या मैदानातलं स्वयंपाकघर

माणसं पदरचे पैसे देऊन एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात, वर आपले कपडे आपणच घरी नेऊन धुतात, आणि तरीही पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर होतात, हे टेपकाकांना पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा कप बशीऐवजी थेट वर्तमानपत्रावर टेकला. सांगणारं कोणी परकं असतं तर 'चालायचंच' म्हणून त्यांनी पान उलटलं असतं. पण सांगत होती त्यांची स्वतःची लेक, आणि तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"बाबा, असं एक मैदान मला काढायचंय. आपल्या प्लॉटवर."

मोजणी खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन सहसा सरकत नाही. सरकलीच तर तो आधी तिचा नकाशा मागतो. काका निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी मोजायची टेप खिशातून सुटली नव्हती. कोणाकडे गेले तरी सोफ्याची लांबी काढल्याशिवाय त्यावर बसायला त्यांना अवघड वाटे, आणि अख्ख्या इमारतीत त्यांना टेपकाका म्हणत ते त्यामुळेच. तर अशा माणसाच्या पायाखालची जमीन त्या सकाळी सपशेल सरकली. कारण प्लॉट म्हणजे गावाबाहेरचा तो मोकळा तुकडा, आणि त्यावर काकांचं घर, काकूंना हव्या असलेल्या बाल्कनीसकट, व्हायचं होतं. घर दरवर्षी 'पुढच्या वर्षी' व्हायचं. कधी सिमेंट महागलं, कधी लेकीचं कॉलेज आलं, कधी राहत्या फ्लॅटचं छत गळायला लागलं. इतक्या वर्षांत त्या घराचं एकच काम पक्कं झालं होतं, ते म्हणजे प्लॉट काकूंच्या नावावर करणं.

"आईला विचारलंस?" काकांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"विचारलं. बघू म्हणाली."

काकांनी वर्तमानपत्र मिटून बाजूला ठेवलं. बायको 'नाही' म्हणाली तर निदान भांडता येतं. 'हो' म्हणाली तर कामाला लागता येतं. 'बघू' म्हणाली की माणूस अधांतरी लोंबकळतो. हॉलचे पडदे बदलायचा विषय त्या घरात 'बघू'वर अडकला होता आणि पडदे एव्हाना आपले आपण विरत चालले होते.

लेकीचं म्हणणं मात्र सरळ होतं. तिच्या कंपनीने तिचा विभागच बंद केला होता. दुसरी नोकरी तयार होती, पण ती विमानाने जावं लागेल अशा ठिकाणी. "आई मनापासून हो म्हणाली तर मी इथेच राहीन आणि मैदान चालवीन," ती म्हणाली. "नाही म्हणाली तर जाईन. तिच्या जागेवर तिचं मन मारून मला धंदा करायचा नाही. उद्घाटनापर्यंत मी त्या लोकांना थांबवून ठेवलंय."

काकांना मूल एवढं एकच. सकाळपर्यंत जो खेळ त्यांना शुद्ध वेडेपणा वाटत होता, त्याचा संध्याकाळपर्यंत त्यांच्याइतका कडवा पाठीराखा शोधून सापडला नसता. मैदान असं झोकात करायचं की काकूंनी बघितल्याबरोबर हो म्हटलं पाहिजे, हा त्यांचा बेत. त्यात फट एकच होती. काकू बघायलाच यायला तयार नव्हत्या.

सामान यायला लागलं आणि काकांना धक्क्यांमागून धक्के बसू लागले. पहिल्या खोक्यातून बंदुका निघाल्या. "बंदूक नाही म्हणायचं बाबा, मार्कर म्हणायचं," लेकीने बजावलं. पण जेवणाच्या टेबलावर काळ्याकुळकुळीत नळ्या ओळीने मांडलेल्या असताना शेजारच्या शिकवणीवाल्या बाई दार ढकलून आत आल्या, तेव्हा नेमका हा शब्द काकांना आठवेना. बाई आल्या तशा उलट्या पावलांनी बाहेर गेल्या आणि जाताना दार बाहेरून लावून घेतलं.

थोड्याच वेळात तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. इमारतीने त्यांना पाठवलं असावं, कारण मागे जिन्यात बरीच कुजबुज ऐकू येत होती. डॉक्टरांनी काकांचा हात हातात घेतला. "निवृत्तीनंतर असं होतं काहींना," ते मृदूपणे म्हणाले. "मनात साठवू नका. कोणाचा राग आलाय तुम्हाला?" पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून त्याला प्रश्न विचारायची सवय असल्यामुळे उत्तराची वाट ते कधी बघत नसत. काकांना सगळी हकीकत सांगायला बराच वेळ लागला, आणि सांगून झाल्यावर डॉक्टरांचा चेहरा जास्तच काळजीत पडला. बंदूक घेऊन कोणाला मारायला निघालेला माणूस त्यांना समजू शकला असता. त्यासाठी पावती फाडणारा माणूस समजेना.

जाळीचंही तसंच. मैदानाभोवती उंच जाळी हवी, म्हणजे गोळी बाहेर जाऊन कोणाला लागणार नाही. काकांनी घासाघीस करून स्वस्तात जाळी मिळवली, दुकानदाराला मोठ्या मानाने प्लॉटवर बोलावलं, आणि त्याच्या मालाची मजबुती त्यालाच दाखवण्यासाठी पलीकडे उभं केलं. गोळी जाळीच्या भोकातून बिनतक्रार पार झाली. दुकानदाराच्या पांढऱ्या सदऱ्यावर खिशाच्या जागी केशरी फूल उमललं. त्याने बोटाने रंग पुसून बघितला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "बारीक भोकाची देतो." मात्र भाव त्याने वाढवला.

पण खरा हादरा बसला तो अडथळ्यांचा. या खेळात मैदानभर आडोसे लागतात; खेळाडूंनी त्यांच्यामागे लपायचं, डोकावायचं, पळायचं. लेकीने त्यांचा एक संच बघून ठेवला होता. रबरी, फुगवायचे.

"आत काय असतं?" काकांनी विचारलं.

"हवा."

"नुसती?"

"नुसती."

लेकीने किंमत सांगितल्यावर काका तीनताड उडाले. हवेला पैसे मोजणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. सायकलच्या चाकातसुद्धा ते आयुष्यभर स्वतःच्या पंपाने हवा भरत आले होते. त्यांनी बरीच येरझार घातली आणि मग त्यांना एक साक्षात्कार झाला. मध्यमवर्गीय माणसाच्या प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, जी वापरवत नाही आणि टाकवतही नाही. तिच्यावर कापड घालून तिला भिंतीशी उभी केलेली असते आणि जाता येता तिचा कोपरा गुडघ्याला लागतो. अशा सगळ्या वस्तू मैदानात आणल्या तर? लपायला कपाटाइतकी चांगली जागा जगात दुसरी नाही.

इमारतीने त्यांना डोक्यावर घेतलं. जे लोक आदल्या दिवसापर्यंत जिन्यात त्यांना वाट देताना भिंतीला चिकटत होते, ते स्वतः हमाल लावून सामान खाली उतरवू लागले. जेवणाचं टेबल आलं. मोडक्या पायाचा सोफा आला. बंद पडलेला फ्रिज, दार न लागणारं कपाट, आरशाचं टेबल, डबल बेड, पुस्तकांची मांडणी, एवढंच काय, डॉक्टरांनी आपली दात काढायची जुनी खुर्चीही पाठवून दिली. मात्र प्रत्येक वस्तूबरोबर एकेक अट आली. सोफ्याला ऊन लागू द्यायचं नाही. टेबलावर गरम काही ठेवायचं नाही. शिकवणीवाल्या बाईंनी आपल्या दिवंगत यजमानांचं कपाट दिलं आणि सांगितलं, "ह्यांना मोठा आवाज सहन व्हायचा नाही. तेवढं जपा." आता मैदानात बंदुका चालणार आणि कपाटाला आवाज सहन होणार नाही, हे गणित काकांनी सोडवायचं होतं. ते नुसते 'हो हो' म्हणाले. फुकट मिळालेल्या मालाची माणसाला फार मोठी किंमत मोजावी लागते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लेक मार्करना लागणाऱ्या हवेच्या टाक्या आणायला गेली. जाताना तिने आडोशांचा नागमोडी नकाशा काकांच्या हातात दिला. काकांनी तो बघितला आणि त्यांच्यातला मोजणीदार दुखावला. एकही रेषा काटकोनात नाही. त्यांनी नकाशा घडी करून खिशात ठेवला, चुन्याची पिशवी उघडली, खुंट्या ठोकल्या आणि हमालांना हुकूम सोडायला सुरुवात केली. टेबल इकडे. फ्रिज तिकडे. बेड त्या कोपऱ्यात, डोकं भिंतीकडे. कुठली भिंत, हे विचारायचं हमालांनाही सुचलं नाही, इतका काकांचा आवाज खात्रीचा होता. ते स्वतःला विसरून काम करत होते, आणि इतकं सुरेख काम आपल्या हातून कित्येक वर्षांत झालं नाही असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी नगरपालिकेचे परवाना अधिकारी पाहणीला आले. गृहस्थ अतिशय सज्जन आणि अतिशय सावकाश. ते चुन्याच्या रेषेपाशी थांबले, पाय पुसले आणि आत आले. पाय पुसायला तिथे पायपुसणंही होतं. तेही कोणीतरी दिलं होतं आणि काकांनी ते नेमकं तिथेच टाकलं होतं.

"हा हॉल," अधिकारी म्हणाले.

काका हसले. "साहेब, पेंटबॉलचं मैदान आहे."

"हं." त्यांनी जेवणाच्या टेबलावर टिचकी मारली. "हे स्वयंपाकघर. ओटा चांगला मोठा घेतलात. इकडून बोळ... ही बेडरूम." त्यांनी बेडपाशी जाऊन अदबीने आवाज खाली आणला. "घर छान झालंय. भिंती कधी घेताय?"

काकांनी वळून बघितलं. समोर त्यांचं घर उभं होतं. सकाळच्या चहानंतर, जुन्या बिलांच्या पाठीवर, पुन्हा पुन्हा आखलेलं घर. दर वर्षी फूटभर इकडे, फूटभर तिकडे केलेलं. लोकांच्या मोडक्या सामानातून, खिडक्यांच्या खुणांसकट चुन्याच्या फक्कीत, एकाही खोलीत इंचाचा फरक न पडता ते जमिनीवर उतरलं होतं, आणि उतरवणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"मैदान असेल तर माझी हरकत नाही," अधिकारी पुढे म्हणत होते. "घर असेल तर परवानगी वेगळी, पट्टी वेगळी. काय ते मालकाने सही करून सांगायचं. मालक आपणच ना?"

"मालक..." काकांनी हाताचा चुना झटकला. "मंडळींना विचारून सांगतो."

घरी जाऊन त्यांनी काही विचारलं नाही. काय विचारणार? 'तुझं घर बांधलंय, उद्या त्यात बँकेचे लोक गोळीबार करणार आहेत, तेवढी सही दे'? ते न जेवता झोपले. लेक आईच्या पाठीकडे बघत थोडा वेळ ओट्यापाशी उभी राहिली आणि तीही झोपायला गेली. काकू भांडी लावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, ते एका बँकेच्या शाखेचं. व्यवस्थापकांपासून रोखपालापर्यंत सगळे मास्क चढवून, छातीवर पट्टे आवळून तयार झाले. वर्षभराचे हिशेब चुकते करायची संधी एकाच सकाळी मिळाल्यासारखे त्यांचे डोळे चमकत होते. जाळीबाहेर खुर्च्या टाकून इमारतीतले सगळे देणगीदार बसले होते. मांडणी लेकीने सकाळीच पहिल्यांदा बघितली होती, पण आता काही हलवायला वेळ नव्हता. तिने नियम समजावून सांगितले, मास्क काढायचा नाही, लागलं की हात वर करून बाहेर जायचं. काका पंच होते. मास्क लावून ते आत उभे राहिले. शिट्टी वाजली.

आणि काहीच झालं नाही.

म्हणजे दोन्ही संघ धावत आले, पण पायपुसण्यापाशी आल्यावर पहिला गडी थांबला आणि त्याने बूट पुसले. त्याच्या मागचे रांगेत उभे राहिले. आत आल्यावर त्यांची चाल मंद झाली, आवाज खाली गेले. एक संघ सोफ्यापाशी, एक जेवणाच्या टेबलापाशी. "बसा ना." "नाही, तुम्ही बसा." कोणीतरी खरंच बसलं. डॉक्टरांची खुर्ची बोळाच्या तोंडाशी होती; तिच्याजवळ आलेला प्रत्येक जण जबडा दाबून मागे फिरत होता. तिकडे बेडरूममध्ये दोन्ही संघांनी पळवायचा झेंडा लावला होता आणि तिकडे जायला एकही माणूस तयार नव्हता. रोखपालांनी तर काकांना स्पष्टच सांगितलं, "कोणाच्या बेडरूममध्ये असं एकदम शिरणं बरं दिसत नाही हो." एकाने भीतभीत नेम धरला, तर जाळीबाहेरून बाईंचा आवाज आला, "अहो, ते ह्यांचं कपाट आहे." त्याने माफी मागून बंदूक खाली घेतली.

लेक जाळीपाशी होती. तिने खिशातून फोन काढला आणि नोकरीवाल्यांचा नंबर शोधायला लागली. आपण मांडलेलं घरच आपल्या पोरीला घराबाहेर घालवतंय, हे काकांना ढळढळीत दिसत होतं, आणि मास्कच्या आत तोंड उघडं टाकण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. काकू आल्या होत्या. मागे परवाना अधिकारी होते. सही राहिली म्हणून ते सकाळी घरी गेले होते आणि दारातच त्यांनी काकूंचं नव्या घराबद्दल अभिनंदन केलं होतं. स्वयंपाकघराचं विशेष कौतुक केलं होतं. काकूंनी पायात चपला कशाबशा सरकवल्या होत्या आणि त्या त्यांच्याबरोबर निघाल्या होत्या.

लेकीने घाईघाईने एक मास्क आईच्या डोक्यावर चढवला. काकूंनी तो चढवू दिला. मग त्या पायपुसण्यावरून, जिथे दार असायला हवं होतं तिथून, आत आल्या. बँकेचे लोक उठून उभे राहिले. काकू हॉलमधून सरळ गेल्या, खाली न बघता डावीकडे वळल्या आणि थेट ओट्यापाशी जाऊन थांबल्या. त्यांनी लाकडावरून हात फिरवला. फ्रिजचं दार उघडून बघितलं आणि लावलं. जाळीबाहेर एवढी शांतता होती की डॉक्टरांनीसुद्धा कोणाला काही विचारलं नाही.

"ओटा खिडकीपाशी घेतलात," त्या म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले.

"फ्रिज हाताशी."

"हो."

काकू बोळातून बेडरूमपर्यंत जाऊन आल्या. परत आल्या त्या थेट काकांसमोर.

"आणि बाल्कनी?"

काकांनी खिशातल्या टेपकडे हात नेला, पण मोजायला बाल्कनी नव्हतीच. "तिकडे... तिकडे जाळी आली ना मध्ये. जागा जरा..."

"विटा नाहीत," काकू म्हणाल्या. "सिमेंट नाही, गवंडी नाही. लोकांच्या सामानात, फुकटात घर मांडलंत. आणि अहो, एवढ्यातसुद्धा काटकसर करून तुम्ही माझी बाल्कनी गाळलीत?"

त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या व्यवस्थापकांच्या हातातून बंदूक काढून घेतली. व्यवस्थापकांनी निमूटपणे दिली. "हे कुठून उडतं?" त्यांनी लेकीला विचारलं. लेकीने दाखवलं.

गोळी काकांच्या छातीवर बसली. केशरी रंग हनुवटीपर्यंत उडाला. काकांना लागलं फारसं नाही, पण एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोने आपल्याला पहिल्यांदाच उघड उघड उत्तर दिलं, या धक्क्याने त्यांचे डोळे पांढरे झाले.

लेकीने शिट्टी वाजवली. "बाबा बाद."

काकू बँकेच्या लोकांकडे वळल्या. ते अजून हातावर हात ठेवून उभे होते. कोणाकडे पाहुणे आल्यावर बाईच्या आवाजात आपोआप जे आर्जव येतं, तेच काकूंच्या आवाजात आलं.

"उभे काय राहिलात असे? या की आत. बेडरूममध्येही जा. संकोच करू नका. घर आपलंच आहे."

एवढं ऐकायचाच अवकाश होता. रोखपालांनी व्यवस्थापकांना सोफ्यामागून पहिली गोळी घातली आणि मग कोणी कोणाचं ऐकेना. आरशाचं टेबल रंगलं, फ्रिज रंगला, डबल बेडवरून दोघंजण लोळत पलीकडे गेले. दातांच्या खुर्चीआड चक्क तिघे दडून बसले. शिकवणीवाल्या बाई आधी डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी एक डोळा उघडला, आणि थोड्या वेळाने त्या जाळीला धरून सांगत होत्या की कपाटाच्या डाव्या बाजूने या, उजवीकडचं दार लागत नाही. काकूंनी ओटा शेवटपर्यंत लढवला.

खेळ संपला तेव्हा त्या धापा टाकत बाहेर आल्या. केस सुटले होते, एक बाही निळी झाली होती. परवाना अधिकारी कागद घेऊन तसेच थांबले होते. सरकारी माणूस सही घेतल्याशिवाय हलत नाही.

"काय लिहू वहिनी?" त्यांनी विचारलं. "घर की मैदान?"

काकूंनी मागे वळून एकदा सगळं नीट बघितलं. हॉल, बोळ, स्वयंपाकघर, त्यावर ओघळणारा रंग. लेक जवळ येऊन उभी राहिली होती.

"मैदान लिहा," काकू म्हणाल्या. त्यांनी पेन हातात घेतलं. "आणि त्याला एक बाल्कनी जोडून लिहा. पोरगी रोज इथे असणार. मला तिला बघत बसायला जागा नको?"

लेकीने फोन खिशात टाकला आणि रंगासकट आईला मिठी मारली. अधिकाऱ्यांनी सावकाश विचारलं, की बाल्कनी किती फुटी?

उत्तर द्यायचं ज्यांनी, ते जाळीबाहेर नियमाप्रमाणे हात वर करून उभे होते. मास्कच्या आत त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि वर केलेला हात आता खाली घ्यायचा असतो, हे त्यांना बराच वेळ सुचलं नाही.